चहासाठी चिंचोके

परभणीला ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी टीव्ही, मोबाइल दोन्ही बंद केलं. काळा चष्मा लावलेला रिकामा नवरा दिवसभर घरात म्हणजे काय, हे जिनं भोगलंय तिलाच कळेल! सेलूहून सुट्टीला आलेल्या नातीनं लुडो काढला, पण फाशावरचे ठिपके ह्यांना दिसेनात. मग मी चार चिंचोके पाट्यावर एका बाजूनं घासून पांढरे केले आणि परातीत टाकले. जितके पांढरे वर, तितके गुण. आधी पन्नास करील तो जिंकला. हरेल त्यानं दुपारचा चहा करायचा.

ह्यांनी जन्मात चहा केला नव्हता. मला तो एकदा तरी आयता हातात हवा होता.

लग्नात हळदीच्या पाण्यात अंगठी शोधायचा खेळ झाला, तेव्हा अंगठी माझ्याच मुठीत आली होती. मावशी कानात कुजबुजली, "नवरदेवाला जिंकू दे," आणि मी बया ती हळूच ह्यांच्या बोटांत सरकवली. वर लाजलेसुद्धा! नाकात नथ, डोक्यात भुसा. तेव्हापासून हा माणूस स्वतःला खेळाडू समजतो.

हे चिंचोके चाचपून सांगायचे, "चार!" पुढच्या डावालाही, "चार!"

"आबा, तुमी अंगठ्यानं उलटवायलात," नात म्हणाली.

"मला काय दिसायलंय का बाई?"

"दिसत न्हाई, पण उलटवता लय झ्याक येतंय," मी म्हणाले.

म्हणून नियम झाला: चाचपायचं एकाच बोटानं, दुसरा हात पाठीमागं. मग परातीबाहेर पडलेला चिंचोका हे पांढराच म्हणायला लागले. बाहेर पडला तो बाद, असं ठरलं. मग नेमका मी टाकताना ह्यांना खोकला यायला लागला. खोकल्याला दोन गुण वजा केले, तसा खोकला तिथल्या तिथं बरा झाला.

अखेर एका दुपारी मी पन्नास गाठले. हे थोडक्यात मागं राहिले.

"उठा," मी म्हणाले.

"अगं, चहा कसा करत्यात ते तरी सांग."

सांगत बसले असते तर मलाच उठावं लागलं असतं. मी ताबडतोब नवा नियम काढला, "हरणाऱ्यानं एकच प्रश्न विचारायचा. तोबी आत गेल्यावर."

पंच नातच होती. तिनं मान डोलावली आणि आबांना गॅस तेवढा लावून दिला.

आत डबे वाजले. "साखर कुठंय?"

"खिडकीजवळच्या पितळी डब्यात. संपला प्रश्न!"

मग बराच वेळ नुसती झाकणं वाजली. एकदा "अगं..." ऐकू आलं, तशी नात ओरडली, "आबा, न्हाई!"

हे कप घेऊन आले. आत गोड, उकळतं, पांढरंशुभ्र दूध.

"अन् चहापत्ती?"

"ते विचारायला प्रश्न कुठं शिल्लक व्हता?"

मी बशीत ओतून, फुंकर मारत, सगळं प्याले. मग नातीला म्हणाले, "उद्यापासून दोन प्रश्न."