जयवंताबाईचा डावा हात

पिंपळगाव रेणुकाईच्या जयवंताबाईला भाकरी करताना कोपराखाली चटका बसला, टरारून फोड आला, तरी तिला कळलं नाही. पाहिला तो सासूनं, गोपिकाबाईनं. फोड होता तिथं आधीपासूनच फिकट चट्टा होता. तपासणीत कुष्ठरोग निघाला. ब्याण्णव सालची ही गोष्ट. गोळ्या सुरू झाल्या आणि सासूनं तिचं ताट वेगळं केलं. जयवंताबाई शेळ्या, धुणं, कापसाची वेचणी पहिल्यासारखीच करत राहिली.

काही महिन्यांनी चट्टा लाल होऊन सुजला. कोपरातून कळा यायला लागल्या, करंगळी सरळ होईना. गोळीच उलटली म्हणत तिनं औषध सोडलं. तेव्हा नवरा इंद्रभान तिला भोकरदनच्या दवाखान्यात घेऊन गेला.

"पैले दुखत नव्हतं. औषधानंच दुखून राह्यलं," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कोपराची नस चाचपली. "गोळी उलटली नाही. अंगात जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी असतात. त्यांच्यातली जनुकं सगळी कायम चालू नसतात. जंतू ओळखला की काही चालू होतात, काही बंद. त्यावर ठरतं, पेशी लढणार का गप्प बसणार. तुमच्या पेशी इतके दिवस गप्प होत्या, आता उठल्यात आणि थांबत नाहीत. त्यात नस सुजलीय."

"म्हंजे मोटार चालू करून माणूस घरी गेलं अन् वाफे फुटले," जयवंताबाई म्हणाली.

"तसंच. ही नवी गोळी ती जनुकं शांत करील. जुन्याही चालूच ठेवायच्या."

इंद्रभाननं विचारलं, "मंग मायला कसं न्हाई झालं? एकाच घरात राह्यतो."

"बहुतेकांच्या पेशी जंतूला वेळीच मारतात. आणि गोळ्या घेणाऱ्यापासून कुणाला धोका नसतो."

घरी इंद्रभाननं हे सगळं आईला सांगितलं. जेवायच्या वेळेला गोपिकाबाई आपली भाकरी घेऊन सुनेच्याच ताटावर बसली.

"मला लागायचं असतं तं कव्हाच लागलं असतं. जेव."

जयवंताबाईनं ताट दोघींच्या मधे सरकवलं.

सूज हळूहळू गेली. करंगळी वाकडीच राहिली, पण गोळ्या तिनं पुऱ्या केल्या. काही वर्षांनी लेकीला बघायला धावड्याचे पाहुणे आले, तेव्हा चहा व्हायच्या आधीच तिनं हात पुढं करून सगळं सांगून टाकलं. पाहुणे विचार करतो म्हणून गेले. पुढच्या आठवड्यात होकार घेऊन आले.