चढाला उतरायचं न्हाय

धोंडीराम कांबळेच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला होता. उद्यमनगरातल्या वर्कशॉपात तो लेथला शिव्या घालायचा आणि घरी आल्यावर चहाला, मग तो गार असो की गरम. जीव होता तो फक्त सायकलीवर. तरुणपणी कुरुंदवाडच्या शर्यतीत पहिला आला, तेव्हा त्यानं पायडलाजवळचं दात्यांचं चक्र बदलून ताटाएवढं मोठं बसवून घेतलं होतं. सपाटीला एक पायडल मारलं की सायकल सुसाट, चढाला मात्र मांड्या भरून यायच्या. ह्या चक्रावर चढ मारायला छाती लागते, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. कुणी विचारलेलं नसायचं.

दर रविवारी बायको मीनाबाईला मागं बसवून तो टेकावरच्या विहारात वंदनेला न्यायचा. चढावरचं वळण आलं की मान न वळवता म्हणायचा, "उतर." ती उतरायची, पदर खोचून चालू लागायची. हा बहाद्दर वर पोचून थांबायचा आणि तिनं भराभर पाय उचलावेत म्हणून घंटी वाजवत राहायचा. मुलगा प्रसेनजीत झाला, मोठा होऊन कामाला लागला, तरी घंटी काही थांबली नाही.

अठ्ठ्याण्णव साली मीनाबाईचे गुडघे गेले. चढ चालणं संपलं आणि विहारही सुटला. विहारात वंदना तीच सांगायची, बाकीच्या बायका तिच्यामागून म्हणायच्या. आता रविवारी ती उंबऱ्यात बसून टेकाकडं बघत राहायची. ते बघून धोंडीरामचा संताप व्हायचा. कुणावर, ते त्याला कळत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांवरच ओरडायचा.

बुद्धपौर्णिमा जवळ आली. शिटा भरून नेणारी वडापची जीप चढाच्या पायथ्यालाच सोडायची. प्रसेनजीत म्हणाला, "आई, मोटरसायकलवरनं वर सोडतो की तुला."

"न्हाय," मीनाबाई म्हणाली. "ह्यांच्या सायकलीवरनंच जाणार. आणि चढाला उतरणार न्हाय. जमत असंल तर नेऊ देत, न्हाईतर घरातच बरी हाय मी."

"डोस्कं फिरलं का तुझं?" धोंडीराम कडाडला. "त्या चक्रावर डबल सीट चढ माराय मी काय बैल हाय व्हय?"

"चक्र तुमी बसवलंय. मी न्हाय."

एवढं बोलून ती भाकरी थापायला लागली. धोंडीराम दिवसभर धुमसत राहिला. संध्याकाळी त्यानं कॅरियरला ज्वारीचं पोतं बांधलं आणि चढाला भिडला. अर्ध्यात पायडल जागचं हलेना. सायकल आडवी, पोतं आडवं, वर हाही आडवा. उठून त्यानं त्या मोठ्या चक्राला लाथ घातली आणि अंगठा सुजवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो लंगडत गुंडू सायकलवाल्याच्या दुकानात गेला. "हे काढ. ल्हान चक्र बसीव."

गुंडूला ते पटलं नाही. "दादा, असलं चक्र आता मिळत न्हाय. ल्हान लावलं की पाय नुसते फिरतील, सायकल जाग्यावर. लोक हसतील की तुमाला."

"तुला काढाय सांगितलंय! लोकांचं मी बघतो."

पायडलाच्या दांड्याची खीळ गंजून बसली होती. गुंडू हळूहळू ठोकत होता. धोंडीरामला दम कुठला! त्यानं हातोडा हिसकावून असे घाव घातले, की खीळ टणकन उडून रस्त्यावर गेली. मोठं चक्र निघालं, लहान बसलं. चेन आता लोंबायला लागली, म्हणून गुंडूनं तिचे दुवे काढून ती आखूड केली. शर्यतीतलं चक्र धोंडीरामनं तिथंच टाकलं. घरी न्यावंसं वाटलं नाही.

पौर्णिमेला मीनाबाई पांढरी साडी नेसून कॅरियरवर बसली. चढ लागला. गुंडू म्हणाला तेच झालं. धोंडीरामचे पाय गरागरा फिरत होते आणि सायकल मुंगीच्या चालीनं चालली होती. चालणारी माणसं पुढं निघून जात होती. कट्ट्यावरून एकजण ओरडला, "दादा, शिलाई मशीन घेतलंय काय?"

"थांब, उतरून दावतो तुला!" धोंडीराम गरजला. पण उतरायचं नव्हतं हीच तर पंचाईत होती. त्यानं तो राग गिळला आणि पायडलवर काढला.

नेहमीचं उतरायचं वळण आलं. सवयीनं मीनाबाईचा पाय खाली सरकला. त्याला मागचं वजन हललेलं कळलं.

"पाय वर घे!" तो खेकसला. "खाली टेकलास तर बघ!"

तिनं पाय वर घेतला आणि त्याचा सदरा मुठीत घट्ट धरला.

वर पोचला तेव्हा त्याच्या छातीचा भाता झाला होता. पाय टेकून त्यानं सायकल सावरली आणि सवयीनं त्याचा अंगठा घंटीवर गेला. मागं मीनाबाई अजून बसूनच होती. ती मागं पडलेल्या चढाकडं बघत होती.

"वाजवा की," ती म्हणाली. "थांबलासा का? आज खाली कोण न्हाय म्हणून?"

इतक्या वर्षांत धोंडीरामला पहिल्यांदाच नेमक्या माणसाचा राग आला, स्वतःचा. अंगठा त्यानं घंटीवरून काढून घेतला. आत बायका वंदनेसाठी खोळंबल्या होत्या. तरी ती आपणहून उतरेपर्यंत तो सायकल धरून उभा राहिला. "उतर" काही म्हणाला नाही.