धुळ्याचे मीटरवाले नाना

मीटर लावून पाहिल्याशिवाय कुणी "हे बदला" म्हटलं की धुळ्याचे नाना खवळायचे. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा हा किडकिडीत म्हातारा एरवी मऊ बोलायचा. पण नवी बॅटरी विकत घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला एकदा त्यांनी ती तशीच डिकीत ठेवायला लावली होती.

माझी दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार मूळची थोरल्या भावाची. तो गेल्यावर ती विकवेना. पुढे चावी फिरवली की नुसतं टक् व्हायचं आणि दिवे मालवल्यासारखे व्हायचे. जळगावच्या एका चकचकीत वर्कशॉपनं बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, आणि शेवटी मालक म्हणाला, "सगळं वायरिंग नवं टाका, नाहीतर भंगारात द्या." भावाच्या गाडीला हा माणूस खुशाल भंगार म्हणत होता! मी ती टेम्पोत चढवून धुळ्याला नेली.

नानांनी मीटरची एक पिन इंजिनाला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि मला चावी फिरवायला सांगितली. काटा उसळला, म्हणजे वीज वाटेत कुठेतरी अडत होती. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी त्यांनी सोडवली. रंगकाम करताना कुणीतरी तिच्या जागेवर रंग मारून ठेवला होता, त्या थरातून वीज पुढे जातच नव्हती.

"बठ्ठं बदलं, पन आठे कोनी पाह्यं का?" सगळं बदललं, पण इथं कुणी पाहिलंच नाही, म्हणून नाना चिडून त्या रंगावर बोट आपटत होते. "रोग पायले शे, नि औशद डोकाले."

त्यांनी पॉलिशपेपरनं रंग खरवडला, पट्टी घट्ट बसवली. पहिल्याच फटक्यात गाडी सुरू झाली.

पुढच्या हिवाळ्यात जळगावात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. मी आग्रह करून नानांना बोलावलं. शर्टावर ऑइलचे डाग, म्हणून गेटवरच्या माणसानं त्यांना आत सोडलं नाही. ते कुंपणापाशी उभे राहिले; माईकवरचं सगळं तिथवर ऐकू येत होतं. माझ्या गाडीला बक्षीस मिळालं. "हिची देखभाल कोण करतं?" असं निवेदकानं विचारलं, तर प्रायोजक म्हणून मंचावर बसलेला तो वर्कशॉपवालाच माईक ओढून म्हणाला, "आम्हीच." आणि मी? मी हसून मान डोलावली. त्या माणसाचा राग आजही येतो. माझा त्याहून जास्त.

मी बाहेर आल्यावर नाना एवढंच म्हणाले, "गाडी चालू शे ना, भाऊ? मंग झालं."

यंदा उन्हाळ्यात नाना गेले. दहाव्याला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीपुढे सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. मी तोंड उघडण्याआधीच तिनं हात जोडले.

"भाऊ, तुमचे उपकार आहेत. तुम्ही भर सभेत नानांचं नाव घेतलं, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे."