लाडाची शिवी

फर्निचरच्या त्या कारखान्यात नवा माणूस आला की आधी त्याला 'अहो' मिळे. मग एखाद्या दिवशी कोणीतरी त्याच्या व्यंगावर बोट ठेवून हाक मारी, सगळे खो खो हसत, आणि तो आपल्यातला झाला असं धरलं जाई. एका डोळ्याने अधू असलेले मोठे मिस्त्री म्हणजे काणामिस्त्री, करवतीवरचा तो टकल्या आणि पॉलिशवाला तोतऱ्या. शाळेत हाच शब्द या पॉलिशवाल्याच्या जिव्हारी लागायचा. इथे मात्र त्या हाकेपाठोपाठ चहाचा पेला यायचा. बिचाऱ्याचा घोटाळा तिथेच झाला.

त्याची धाकटी पोर शाळेत जायला लागली आणि बोलताना अडखळू लागली. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" शेजारीण म्हणाली. त्याने ते हसण्यावारी नेलं. एका संध्याकाळी गोष्ट सांगता सांगता पोर एका शब्दावर अडली. त्याने तिला उचललं, मुका घेतला आणि म्हटलं, "अगं माझी तोतरी!" जीव ओवाळून म्हटलं हो. पोर अंग चोरून खाली उतरली, आणि त्या दिवसापासून तिने तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलं. पाणी हवं असलं तरी बोट दाखवायची.

"शाळेत तिला तेच म्हणतात," बायको म्हणाली. "तिथून पळून ती तुमच्याकडे यायची. आता तुम्हीपण?"

 

पुढे एकदा बायकोला आजारी बहिणीकडे जावं लागलं, म्हणून तो पोरीला कामावर घेऊन गेला. ती अर्धवट खुर्च्यांच्या मधे बसून राहिली. तो टेबलावर पॉलिश फिरवत होता. या कामात हात मध्येच थांबला तर डाग पडतो, म्हणून तो कधी थांबत नसे.

"ए तोतऱ्या, चहा!" टकल्या ओरडला.

पोरीने बापाकडे पाहिलं. त्याचा हात थांबला.

"म-मला त्या... त्या ना-नावाने हाक मारू नका."

"आता काय झालं बाबा?" टकल्या हसला. "लाडाने म्हणतो की!"

"मी-मीपण लाडानेच म्ह-म्हटलं होतं," पोरीकडे बघत तो म्हणाला. टकल्याचं हसू मावळलं.

"बरं, नाही म्हणत," मिस्त्री म्हणाले. "पण मग म्हणू काय? नाव काय रे तुझं?" एवढी वर्षं बरोबर काढून हे विचारावं लागलं, याची त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

त्याने तोंड उघडलं. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर त्याला सगळ्यात जड जायचं. ते येईना.

खुर्च्यांमधून पोरीचा आवाज आला. तेच अक्षर, पुन्हा तेच, आणखी एकदा तेच. पुढचं त्याच्या अगदी ओठावर होतं. जन्मभर लोकांनी त्याचे शब्द असेच मध्येच पुरे करून टाकले होते. त्याने ओठ घट्ट मिटले.

तिने बापाचं नाव सांगितलं, आडनावासकट.