भिंतीला पाणी किती दिवस?

नाशकात घरं दाखवायचा धंदा मी सोळा वर्षं करतेय. इंदिरानगरात छोटं ऑफिस आहे, बाहेर 'प्रतिभा इस्टेट' अशी पाटी आहे. गिऱ्हाईक पायरी चढतानाच मला कळतं, हा घर घेणारा आहे की नुसता रविवार घालवणारा, असा माझा समज होता. तो पुतळाबाई भोये यांनी मोडला. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी माझी चूक कबूल केलेली बरी. त्या दारात आल्या तेव्हा मी मान वर न करताच म्हटलं होतं, "मावशी, झाडलोटीला बाई आहे आमच्याकडे."

त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसल्या. "मला घर घ्यायचंय ताई. दाखवणारी तूच ना?"

मला लाज वाटली आणि ती लपवायला मी पंखा वाढवला.

पुतळाबाई सुरगाण्याकडच्या. भाताची, नागलीची कामं संपली की दरवर्षी त्या नाशकात बांधकामावर यायच्या. नवरा गेला, मग नाशिकच धरलं. त्यांचं काम पाणी मारायचं. नवं सिमेंट तहानलेलं असतं. प्लास्टर झालं की भिंतीला दिवसातून तीनदा पाणी पाजावं लागतं, नाहीतर ती तडकते. राहायचं साइटवरच, पत्र्याच्या खोलीत. इमारत उभी राहिली की मुकादम यायचा आणि म्हणायचा, "काम संपलं, खोली रिकामी करा." हे वाक्य त्यांनी चौदा वेळा ऐकलं होतं. आता मुलगी पल्लवी नर्स झाली होती आणि बँक तिला कर्ज द्यायला तयार होती.

"भाड्याचं नको," पुतळाबाई म्हणाल्या. "भाड्यावाला बी तेच म्हणतो, रिकामी करा. मला आसं घर दे, की तिथं हे वाक्य बोलायची कोणाची टाप नसंल."

सोबत आलेली पल्लवी शेजारी बसून ओढणीचं टोक पिळत होती. घरं बघायला निघताना ती आईला हळूच म्हणाली, "आई, तिथं कामाचं काही बोलू नकोस हं." पुतळाबाईंनी ऐकलं, पण कबूल काही केलं नाही.

आम्ही पाथर्डी फाट्यापासून सुरुवात केली. काचेचं ऑफिस, सँपल फ्लॅट, आणि धवल नावाचा टाय लावलेला सेल्समन. त्याने पल्लवीला सरबत दिलं, मला दिलं, आणि पुतळाबाईंना म्हणाला, "मावशी, तुम्ही बाहेर सावलीत बसता का?"

"सावलीतच हाय मी," पुतळाबाई म्हणाल्या आणि त्याच्या ट्रेमधला ग्लास स्वतः उचलला. मग विचारलं, "पाणी किती दिवस?"

धवल खुलला. "चोवीस तास मॅडम! महापालिकेचं आहे, शिवाय दोन बोअर."

"नळाचं नाय रे बाबा. भिंतीला. भिंतीला किती दिवस मारलं?"

धवल माझ्याकडे बघायला लागला. सोळा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक विचारतात पार्किंग, पूर्वेचं दार, स्विमिंग पूल. भिंत सरळ आहे का ते बघायला पुतळाबाईंनी पिशवीतून ओळंबा काढला आणि दोरी भिंतीला लावली. मग रुपयाच्या नाण्याने फरशी वाजवत खोलीभर फिरल्या. चार ठिकाणी ठक्‌ऐवजी ढब्ब आवाज आला. "पोकळ हाय," त्यांनी जाहीर केलं. पल्लवी लाल झाली.

"सत्तर टक्के बुकिंग झालंय मॅडम," धवल घाईने म्हणाला. "पुढच्या महिन्यात रेट वाढणार."

पुतळाबाई गॅलरीत गेल्या. शेजारच्या, ताबा दिलेल्या इमारतीकडे बोट करून म्हणाल्या, "ही बी तुझीच ना? तिचं बी सत्तर टक्केच आसंल. कपडे सहा घरांचे वाळत्यात. बाकीचे काय ओलेच घालत्यात?"

मी हसू दाबलं नाही. का दाबू? ह्याच रेटच्या भीतीने मीही माणसं घाईला लावली आहेत, हे मला तिथेच आठवलं आणि हसू जिरलं.

वर्षभर आम्ही हिंडलो. म्हसरूळ, आडगाव, गंगापूर रोड. पुतळाबाई इमारत बघण्याआधी तिथल्या मजूर बायांजवळ जाऊन बसायच्या आणि अर्ध्या तासात सगळा बाजार समजून घेऊन यायच्या. कुठे माल हलका, कुठे काम बंद पडलंय, कुठे पाणी तीन दिवसांतच थांबवलं. एकदा मी वैतागून म्हटलं, "पुतळाबाई, तुमच्या बजेटात ताजमहाल नाही मिळायचा."

"मला कबर नकोय, घर पायजे."

शेवटी इंदिरानगरातलीच एक जुनी इमारत निघाली. तीन मजले, लिफ्ट नाही, चोवीस वर्षं झालेली. मालक शरच्चंद्रराव निवृत्त अधिकारी, मुलाकडे पुण्याला निघालेले. जिन्यातच पुतळाबाईंची चाल बदलली. भिंतीवरून हात फिरवत त्या वर चढल्या. घरात शिरून म्हणाल्या, "हेच."

मी कपाळावर हात मारला. धंद्यातला पहिला धडा हाच, की घर आवडलं तर तोंड कडू करायचं. शरच्चंद्ररावांच्या ते बरोबर लक्षात आलं. "खरं तर," ते खाकरले, "कालच दुसरी पार्टी येऊन गेली. दोन लाख वर द्यायला तयार आहे. आणि इमारत बघा ना, चोवीस वर्षांत एक तडा नाही!"

पल्लवीचा चेहरा पडला. ते दोन लाख तिच्याकडे नव्हते, हे मला माहीत होतं.

पुतळाबाई आतल्या खोलीत गेल्या. पश्चिमेच्या भिंतीला भलंमोठं लाकडी कपाट होतं. "हे सरकवा."

"त्याच्यामागे काय आहे?" शरच्चंद्रराव म्हणाले. "जड आहे ते."

"भिंत हाय. आन् ती तडकलेली हाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

पुतळाबाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं. मग आवाज चढवून म्हणाल्या, "ह्या बिल्डिंगला पाणी मी मारलं. एकवीस दिवस. मुकादम म्हनला बास, मी नाय थांबले. खालपासून वरपर्यंत तडा नाय, त्ये माझ्यामुळं. फक्त ही भिंत राहिली, समद्यात शेवटी लिंपलेली. हिला बारा दिवस थेंब नाय मिळाला. मी गावी बाळंतीण होते."

शरच्चंद्ररावांनी पल्लवीकडे पाहिलं. ती चोवीस वर्षांची आहे, हा हिशोब त्यांनाही जमला असावा.

मग पल्लवीने पर्स खाली ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि कपाटाला खांदा लावला. "काका, जरा हात लावता?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती. कपाट करकरत सरकलं. मागे पुट्टीचे थर, आणि त्यातून वर आलेली तड्यांची जाळी छतापर्यंत गेलेली.

शरच्चंद्ररावांनी तड्यांवरून बोट फिरवलं. "आम्ही दर दिवाळीला बुजवत होतो," ते ओशाळून म्हणाले. दुसऱ्या पार्टीचं नाव पुन्हा निघालं नाही. व्यवहार आधीच्याच किमतीला झाला.

पल्लवीच्या हट्टाने खरेदीखतात दोघींची नावं पडली. किल्ली मिळाली त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले. आतल्या खोलीत पुतळाबाईंची सतरंजी त्याच भिंतीला लावून अंथरलेली होती. मी म्हटलं, "माझ्या ओळखीचा एक चांगला गवंडी आहे. प्लास्टर खरवडून नवं करून देईल."

"नको," त्या म्हणाल्या आणि भिंतीला पाठ टेकून बसल्या. "मी नव्हते म्हनून ती तडकली. आता मी हाय. आता इथून हलत नाय."