प्लास्टिकातली माय

माझा आवाज मोठा आहे. वाडीत कोणालाही विचारा. अमरावती रोडवरचे ट्रकवाले हॉर्न वाजवतात आणि मी नुसती बोलते, एवढाच काय तो फरक. लग्न झालं तेव्हापासून आमच्या ह्यांच्यावर मी रोज ओरडत आले. चप्पल दारात आडवी टाकली म्हणून, कूलरमध्ये पाणी भरलं नाही म्हणून, आणि सगळ्यात जास्त, चोरून गोड खाल्लं म्हणून. त्या साखरेनं शेवटी डोळेच खाल्ले. डावा गेला. उजव्याचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की इंजेक्शनं मध्येच थांबली तर हाही जाईल आणि गेलेला परत येणार नाही. सुरुवातीची इंजेक्शनं माझ्या बांगड्यांवर निघाली. मग बांगड्या संपल्या आणि घरात विकण्यासारखी एकच वस्तू उरली, भिंतीवरची माय.

ती कशी आली ते सांगते. हे जन्मभर टेम्पो चालवत. गोदामातून माल उचलायचा आणि शहरात पोचवायचा. एकदा धरमपेठेतल्या एका चित्रकाराच्या पेट्या ह्यांनी आणून दिल्या. काच फुटली का ते बघायला त्यानं तिथंच पेटी उघडली. वरच लाकडावर कोरून कागदावर छापलेलं चित्र होतं. लाल मिरच्यांच्या ढिगात एक बाई बसलीय, नाकाला पदर बांधलाय, मिरच्यांचे देठ खुडतेय. आमचे हे भिवापूरचे. ह्यांच्या आईनं म्हातारी होईपर्यंत हेच केलं, आणि तिचा एक फोटो म्हणून आमच्या घरात नाही. हे तिथंच उभे राहिले न् म्हणाले, "हे त माही माय होय."

चित्रकार आत गेला आणि त्याच चित्राची एक प्रत आणून ह्यांच्या हातात ठेवली. खाली एका कोपऱ्यात पेन्सिलीनं सही आणि दुसऱ्या कोपऱ्यात नंबर. म्हणाला, पंचवीसच छापल्या, ठसा मोडून टाकला, आता परत होणे नाही. जपून ठेवा.

आता आमच्याकडे जपून ठेवा म्हटलं की माणूस काय करतो? मार्कशीट, रेशन कार्ड, गजानन महाराजांचा फोटो, जे जे मोलाचं ते ते लॅमिनेशनला जातं. पहिल्याच उन्हाळ्यात कूलरच्या ओलीनं तो कागद लाटा आल्यासारखा झाला. हे घाबरले आणि उठून थेट चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. परत आले ते छाती फुगवून. "आता पाहा, मायले काहीच होत नाही!" तेव्हापासून दर दिवाळीला मी तिला ओल्या फडक्यानं पुसत आले.

मागल्या वर्षी तो चित्रकार वारला, आणि एका सकाळी पेपरात तेच चित्र! मुंबईत लिलावात त्याच पंचविसांतली एक प्रत विकली गेली होती. आकडा वाचून मी पेपर उलटा करून पुन्हा सुलटा केला. "अहो, तुमची माय पेपरात आली!" असं ओरडले, की शेजारीण पीठ भरल्या हातानं धावत आली.

ह्यांनी मला आकडा पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "इक. डोये राहिले त मायले आठवून पाहीन. डोयेच गेले त भिंतीवर असून काय फायदा?"

धरमपेठेत चित्रांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना मी मोबाइलवर फोटो पाठवला. ट्यूबलाइटची चमक येत होती, म्हणून लाइट बंद करून दाराच्या उजेडात काढला. त्यांचा लगेच फोन आला. सही बरोबर आहे, नंबर बरोबर आहे, घेणारे माझ्याकडे तयार आहेत, घेऊन या. मी दवाखान्यात कळवून टाकलं की सोमवारी इंजेक्शनला येतो. देव पावला म्हणत मी मायला नव्या चादरीत गुंडाळलं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईला खेटूही दिलं नाही.

दुकानातल्या बाई हसून उठल्या होत्या. चादर उघडली आणि त्यांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी बोट फिरवलं, चित्र उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"हे लॅमिनेशन कोणी केलं?"

"मिस्टरांनी. खराब होऊ नये म्हणून. बघा ना, कसं नव्यासारखं आहे!"

त्या खुर्चीत बसल्या. मग हळू आवाजात सांगायला लागल्या, आणि तो हळू आवाजच मला सहन होईना. म्हणाल्या, घेणारा कागद बघतो, शाईचा उठाव बोटानं बघतो. लॅमिनेशन करताना प्लास्टिकचा गोंद उष्णतेनं वितळून कागदाच्या आत जातो. आता कागद आणि प्लास्टिक वेगळं राहिलेलं नाही.

"मी काढून आणते. वाफेवर धरते. इस्त्री फिरवते."

"काकू, नका."

"मग अर्ध्यात घ्या. पावपट द्या. अहो, तुम्ही म्हणाल ते द्या, माझ्या माणसाचा डोळा चाललाय!"

मी रडत होते की भांडत होते, मला कळत नव्हतं. त्यांनी माझ्यासमोर मुंबईत जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तोही तेच बोलला. बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, खोटी आशा कशी देऊ, याला आता बाजारच नाही.

तरी मी ऐकणारी थोडीच! बुडत्याला काडीचा आधार. बसमधून उतरले ती तशीच चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तूच लावलं, तूच काढ. तो म्हणाला, "काकू, हे निघत नसते. म्हनून त लोकं करतात." मी काउंटर सोडेना, तेव्हा त्यानं ब्लेड घेऊन कोपऱ्यात जराशी फट केली आणि ओढलं. प्लास्टिक निघालं, आणि त्याला चिकटून मिरच्या निघाल्या. खाली कापसासारखा पांढरा कागद उरला. "थांब रे मुडद्या!" मी चित्र हिसकावून घेतलं.

घरी येईपर्यंत माझ्या तोंडात काय काय जमलं होतं! कोणी सांगितलं होतं नसतं शहाणपण? एकाला तरी विचारायचं होतं. सोन्यासारखी वस्तू स्वतःच्या हातानं मारून ठेवली, आता बसा अंधारात! दारात चप्पल आडवीच पडलेली होती. मी ती सरळ केली आणि आत गेले.

हे खाटेवर बसले होते. माझ्या पावलांकडे मान वळली. "इकली का वं?"

"नाही," मी म्हटलं. "आता गिऱ्हाईक नाही म्हणतात. पुढं बघू."

मी चादरीतलं चित्र ह्यांच्या शेजारी खाटेवर ठेवलं आणि गॅसवर चहा ठेवला. पाठीमागे खाट कुरकुरली. मग म्हणाले, "तू आज बोंबलून नाही राहिली."

मी साखरेचा डबा उघडला आणि झाकला.

"चप्पल आडवी होती माही. मीच काढली तशी. तरी तू काही म्हटलं नाही." हात पुढे करून त्यांनी चादर चाचपून उघडली, मायवरून तळवा फिरवला. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग कोपऱ्यातल्या त्या फाटक्या जागी बोट थांबलं. ते तिथंच राहिलं. "प्लास्टिकनं झालं का वं? माह्यावालं लॅमिनेशन?"

माझ्या घशातून आवाज फुटेना. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

"बोल ना वं. शिव्या दे. तू गप बसली का मले काहीच दिसत नाही."

मग मी तोंड उघडलं आणि ओरडले. चपलेवरून, साखरेवरून, लॅमिनेशनवरून, त्या मेल्या कूलरवरून, जे आठवेल त्यावरून. गल्लीतली दारं उघडली. हे मायला मांडीवर घेऊन, माझ्या आवाजाकडे तोंड करून ऐकत बसले होते, आणि मी थांबले की म्हणत, "अजून."