उलटीकडे वळलेलं शिरस्त्राण

चर्चशेजारी राहणाऱ्या रेमिहियोच्या दारावर घराण्याचं मानचिन्ह असलेली दगडी ढाल आहे. तिच्यावर ओकचं झाड, खाली दोन लांडगे आणि वर लोखंडी शिरस्त्राण, सगळं दगडातच कोरलेलं. झाड म्हणजे जुनी मुळं, लांडगे म्हणजे शौर्य. आमच्या खोऱ्यात दर तिसऱ्या घरावर असले लांडगे आहेत, आणि त्यांतले निम्मे शूर लोक गाई राखूनच मेले. पण रेमिहियोचं शिरस्त्राण इतरांच्या उलटीकडे वळलेलं. आमच्याकडे त्याचा एकच अर्थ लावतात: मूळपुरुष लग्नाबाहेरचा.

या एका दगडापायी हा माणूस आयुष्यभर संशयात जगला. खानावळीत दोघं हसले की ते आपल्यालाच हसले. पाद्र्यांनी प्रवचनात पूर्वजांचं नाव काढलं की रोख आपल्यावर. शेजारणीनं चीज पाठवलं तरी आधी विचारणार, का पाठवलं. आणि मी काही कमी नाही. माझ्या बहिणीशी, ओब्दुलियाशी त्याचं लग्न ठरलेलं असताना सफरचंदाच्या दारूच्या, साइडरच्या, तिसऱ्या पेल्याला मीच त्याला विचारलं, तुमचं शिरस्त्राण असं का रे? निव्वळ चेष्टा. दुसऱ्या दिवशी त्यानं लग्न मोडलं. ओब्दुलियानं पुन्हा कुणाकडे पाहिलं नाही. मला अजून माझा राग येतो.

अडतीस वर्षांनी चर्चची कमान दुरुस्त करायला बाहेरगावचा पाथरवट आला. ढाल पाहून तो सहज बोलून गेला, की चर्चशेजारच्या ढालींवरच्या शिरस्त्राणांची तोंडं जुने कारागीर मुद्दाम वेदीकडे वळवत, देवाकडे पाठ नको म्हणून. रेमिहियोनं आधी त्यालाच विचारलं, हे सांगायला तुला कुणी पाठवलं? मग दारापासून चर्चपर्यंत दोरी धरून स्वतः खात्री करून घेतली.

त्याच दुपारी तो आमच्याकडे आला. ओब्दुलिया घेवडा सोलत होती. मी खुर्ची पुढे केली, ती त्यानं घेतली नाही.

“ते वेदीकडे बघतंय,” तो म्हणाला. “देवाचा मान राखायला वळवलंय.”

“माहीत आहे मला,” ओब्दुलिया म्हणाली.

“कधीपासून?”

“लग्न मोडलंस त्या आठवड्यापासून. पाद्र्यांना विचारून आले होते.”

“मग मला सांगायचं नाही?”

तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

“सांगितलं होतं की. तुझ्या दारात उभं राहून. तू म्हणालास, भावानं पढवून पाठवलंय तुला.”